आंबेखोऱ्यातलं शून्य

"शून्य?" बायजाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "शून्य म्हंजी? येक बी न्हाय?"

"एकही नाही, आई."

"आन् मग सकाळधरनं कौलावर कोण नाचतंय? तुजा बाप?"

कौलांवर खरोखरच वानरांची टोळी धिंगाणा घालत होती. त्यातलं एक म्हातारं वानर वळचणीला बसून उपवनसंरक्षक यमुना तळपे यांच्या सरकारी गाडीकडे अगदी तपासणीला आल्यासारखं बघत होतं. यमुनाने मान वर केली नाही. तिच्या हातातल्या कागदावर स्वच्छ छापलेलं होतं : आंबेखोरे वनखंड, हंगाम २०४७, वन्य प्राण्यांच्या नोंदी – शून्य.

"ही गावातली वानरं झाली," ती म्हणाली. "खाली खोऱ्यात खायला काही उरलं नाही, म्हणून ती वर येतात. तज्ज्ञांचं तसं मत आहे."

"तुजं तज्ञ कवा उतारलं व्हतं का खोऱ्यात?"

यमुनाने कागदाची घडी घातली. हिरडेवाडी हे भीमाशंकरच्या रांगेतलं, कड्याच्या टोकावर बसलेलं महादेव कोळ्यांचं गाव. घराच्या मागच्या दारातून चार पावलं टाकली की पायाखाली आंबेखोरं सुरू. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी, वरून बघितलं तर जमीन म्हणून दिसायची नाही. शहात्तर वर्षांच्या बायजाबाई अजूनही आठवड्यातून तीनदा त्या खोऱ्यात उतरत होत्या. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला, आणि गेली नऊ वर्षं खात्याच्या प्राणी मोजणाऱ्या यंत्राच्या चाळण्या आणायलाही. त्या चाळण्यांवरूनच हे शून्य निघालं होतं. आणि हे शून्य साधंसुधं नव्हतं.

कायदाच तसा झाला होता. सलग तीन हंगाम यंत्राने शून्य दाखवलं, की ते जंगल 'रिक्त वन' ठरायचं आणि त्याचं संरक्षण उठायचं. आंबेखोऱ्याचं हे तिसरं शून्य. खोऱ्याच्या तोंडाशी भिंत घालून एक मोठी वीजकंपनी तिथे तलाव करणार होती. दिवसा उन्हाच्या विजेने पाणी वरच्या टाकीत चढवायचं आणि संध्याकाळी गावोगावी दिवे लागले की खाली सोडून त्याची वीज करायची. योजना चांगलीच होती, उगाच कशाला नावं ठेवा. फक्त तलावासाठी रिकामी जागा हवी होती, आणि आंबेखोरं रिकामं आहे असं आता सरकारी कागद म्हणत होता. आठ दिवसांनी सुनावणी होती. त्या कागदावर सही करून तो पुढे ठेवायचा, एवढंच यमुनाचं काम.

*

तुम्ही म्हणाल, बाई तिथलीच, खोरं तिच्या पायाखालचं, मग सरळ उठून सांगत का नाही की यंत्र खोटं बोलतंय? तर त्यालाही एक कारण होतं, आणि ते तेवीस वर्षं जुनं होतं.

यमुना तेव्हा साधी वनरक्षक होती. वय पंचवीस, खाकी गणवेश नवा कोरा, बूट एक नंबर मोठे. गस्तीवर असताना एका ओढ्याकाठी तिला वाघाटी दिसली होती. वाघाटी म्हणजे आपल्या घरातल्या मांजरापेक्षाही लहान रानमांजर, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, जगातलं सगळ्यात छोटं. त्या भागात ती असल्याची नोंद कुणीच केली नव्हती. यमुनाने दैनंदिनीत ठिपक्यांसकट सगळं लिहिलं आणि धावत वनक्षेत्रपाल साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी वाचलं, भरल्या कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "तळपेबाई, मांजर बघितलंत तुम्ही. मांजर! पुढच्या वेळी बशीभर दूध घेऊन जा." सगळे हसले. चहा आणणारा माणूससुद्धा हसला. यमुनाला तो अपमान जिव्हारी लागला. आपण बाई, त्यात कोळ्याची, त्यात खालच्या पायरीवर. आपला शब्द म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या दिवशी तिने मनात कोरून ठेवलं. गस्तीवर फिरता फिरता तिने परीक्षांचा अभ्यास केला आणि पाच वर्षांत त्याच साहेबांच्या खुर्चीत येऊन बसली.

त्यानंतर दोन वर्षांनी यंत्र आलं.

कल्पना साधी होती. प्रत्येक जिवंत प्राणी हवेत झडत असतो. कातडीचे कण, केसांचे तुकडे, शिंकेचे, श्वासाचे थेंब हे सगळं वाऱ्यावर तरंगत राहतं, आणि त्या प्रत्येक कणात त्या प्राण्याचा डीएनए, म्हणजे त्याची वंशावळच लिहिलेली असते. झाडावर एक छोटी पेटी टांगायची. तिच्यातला पंखा तीन दिवस हवा ओढतो आणि बाटलीच्या झाकणाएवढ्या चाळणीवर हे कण अडकतात. ती चाळणी यंत्रात घातली, की यंत्रातलं विकर त्या डीएनएच्या लाखो नकला काढतं. विकर म्हणजे शरीरात कामं उरकणारं एक प्रथिन. इथे त्याचं काम एकच, मिळेल त्या तुकड्याची नक्कल काढत सुटायचं. नकला पुरेशा झाल्या की यंत्र त्या आपल्या साठ्याशी ताडून बघतं आणि चार तासांत यादी देतं : इथून बिबट्या गेला, इथे भेकर होतं, इथे घुबड बसलं होतं. सरकारी कागदांत त्याला लांबलचक नाव होतं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'हुंग्या'.

यमुनाने पहिली पेटी कुठे टांगली असेल, सांगायला नको. त्या ओढ्याकाठी. तिसऱ्या दिवशी हुंग्याने छापलं : वाघाटी. यमुना कचेरीचं दार लावून ढसाढसा रडली. या यंत्राला ती बाई आहे की पुरुष, साहेब आहे की मजूर, कशाचंच देणंघेणं नव्हतं. जे आहे ते आहे म्हणत होतं. त्या दिवसापासून तिचं सगळं आयुष्य हुंग्याच्या भरवशावर उभं राहिलं. डोंगरपट्ट्यातल्या साठ जंगलांत तिने पेट्या लावल्या. तिच्या याद्यांमुळे खाणी थांबल्या, रस्ते वळले, शिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. परदेशातून माणसं तिची पद्धत शिकायला यायला लागली. "मी तोंडाने बोलत नाही, नोंदीने बोलते," हे तिचं वाक्य आता नव्या वनरक्षकांना प्रशिक्षणात शिकवत होते.

आणि त्याच नोंदींनी आंबेखोऱ्याचा आकडा वर्षागणिक खाली आणला होता. एक्केचाळीस, एकोणीस, सहा. मग शून्य, शून्य, शून्य. उष्णता वाढली, ओढे आटले, म्हणून प्राणी गेले असं सगळ्यांनी मानलं. यमुनानेही मानलं. मनातल्या मनात आपल्या खोऱ्याचं सुतक पाळलं आणि कामाला लागली.

*

"परवा शेकरूनं अर्धा खाल्लेला आंबा माज्या डोक्यात टाकला," बायजाबाई सांगत होत्या. "हे टेंगूळ बघ."

"आई, टेंगूळ पुरावा होत नाही."

"मी सांगती त्यो पुरावा न्हाय?"

"नाही." यमुनाला बोलताना त्रास झाला, पण ती बोलली. "तुझ्यासाठी नियम वेगळा केला, तर उद्या प्रत्येक जण आपल्या गावासाठी तेच म्हणेल. मग खरं कुणाचं धरायचं? माझं कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा हे यंत्रच माझ्या बाजूने उभं राहिलं. आज माझ्या विरुद्ध गेलं म्हणून त्याला खोटं पाडू?"

बायजाबाई उठल्या. बुटकी, काटक बाई, पण रागावली की ओसरी लहान वाटायची. "यमे, मी नऊ वरीस तुज्या त्या पेट्यांच्या पाया पडल्यावानी खाली उतारती. हातानं चाळणी काढती, हातानं पिशवीत घालती. माजी शेरडं तिथंच चरत्यात. तुजा हुंग्या म्हनतो खोऱ्यात कुनी न्हाय. मग जा, त्याला इचार, ही म्हातारी तरी हाय का तिथं! का मी बी मेली?"

आणि सूप उचलून त्या आत निघून गेल्या. लेकीला चहासुद्धा विचारला नाही. हिरडेवाडीत एवढा अपमान भांडकुदळ भाऊबंदांचाही कुणी करत नाही.

घाट उतरताना यमुनाला रडू येत होतं आणि रागही येत होता. पण सहावं वळण गेलं आणि रडू थांबलं. आई रागात काहीतरी भलतंच बोलून गेली होती, पण ते भलतं तिच्या डोक्यातून जाईना. ही म्हातारी तरी आहे का तिथे?

तिने गाडी घरी न नेता तालुक्याच्या केंद्राकडे वळवली. हुंग्या तिथे होता, आणि त्याची देखभाल करणाऱ्या शबाना मुलाणीही. शबाना बारा वर्षं त्या यंत्रापाशी बसत होत्या. यंत्र बिघडलं की आधी त्याला दोन शिव्या हासडायच्या आणि मग दुरुस्त करायच्या, ही त्यांची पद्धत.

"शबानाताई, आंबेखोऱ्याची पूर्ण नोंद काढा. छापील नको, आतली. अहवालात आपण माणूस आणि पाळीव जनावरं वगळतो ना, ती गाळणी काढून टाका."

"कशाला, मॅडम? नुसत्या गाई-म्हशी निघतील. त्यांनीच पानं भरायची म्हणून तर गाळणी लावली आपण."

"काढा तर खरं."

शबानांनी गाळणी काढली. पडदा तसाच राहिला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पडदा कोराच. गाय नाही, शेळी नाही, कुत्रा नाही. माणूसही नाही.

"अगं बाई!" शबाना म्हणाल्या.

"माझ्या आईने या चाळण्या हातांनी काढल्या," यमुना सावकाश म्हणाली. "तिची शेरडं त्या झाडांखाली बसतात. यंत्राच्या मते माझी आई त्या खोऱ्यात कधी गेलीच नाही."

मग शबानांनी कपाळावर हात मारून घेतला. "मॅडम, खोरं रिकामं नाही. हुंग्याच मुका झालाय. इतकी स्वच्छ हवा चंद्रावरच मिळेल."

"पण तपासणी होते ना? साक्षीदार?"

साक्षीदार म्हणजे काय, तर यंत्र चालू आहे की बंद हे बघायला चाळणीत मुद्दाम मिसळलेला ओळखीचा डीएनए. पेंग्विनचा. सह्याद्रीत पेंग्विन असायची शक्यता नाही. म्हणून यंत्राने पेंग्विन सापडला म्हटलं, की समजायचं ते नीट काम करतंय. पूर्वी प्रत्येक चाळणीत हा साक्षीदार घालायचे. पुढे कामाचा रगाडा वाढला, तेव्हा दर शंभर चाळण्यांमागे एका कोऱ्या चाळणीत घालायला लागले. कोऱ्या चाळणीत पेंग्विन झकास सापडत होता. बाकीच्या नव्याण्णवांना कुणी विचारलंच नाही.

शबानांनी आंबेखोऱ्याची एक जुनी चाळणी थेंबभर पाण्यात भिजवली. मग स्वतःच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला आणि त्याचे दोन भाग केले. एक तसाच यंत्रात घातला, दुसरा त्या पाण्यात बुडवून. चार तासांनी पहिल्यावर उमटलं : माणूस. दुसऱ्यावर काहीच नाही.

"मला पण गिळलं की हो याने!" शबाना म्हणाल्या.

यमुनाने ती पाण्याची कुपी नाकाशी धरली. पाणी किंचित पिवळट होतं. वास ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही. जन्मल्यापासून तो वास तिच्या अंथरुणात, तिच्या दप्तरात, तिच्या आईच्या पदरात होता.

"हिरडा," ती म्हणाली.

हिरड्याने कातडं कमावतात. कच्चं कातडं हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, की हिरड्यातलं तुरट द्रव्य कातड्यातल्या प्रथिनाला असं आवळून धरतं की ते पुन्हा सुटत नाही. म्हणून तर चामडं कुजत नाही. आता हुंग्याचं सगळं काम ज्याच्या जीवावर चालायचं, ते विकरही प्रथिनच. चाळणीला हिरड्याची नुसती धूळ लागली, तरी तुरट द्रव्य विकराचे हात बांधून टाकत होतं. समोर बिबट्या असो की म्हातारी, नक्कल निघणारच नाही. आणि नक्कल नाही म्हणजे नोंद नाही.

पण चाळणीला हिरडा लागला कुठून? त्याचं उत्तर केंद्राच्या भिंतीवर चौकटीत टांगलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वीचा आदेश. 'अभयारण्य क्षेत्रात प्लास्टिकच्या कुप्यांचा वापर बंद. यापुढे चाळण्या कागदी पुडीत बांधून सुती पिशवीतून आणाव्यात.' पर्यटकांना वेफर्सच्या पाकिटासाठी दंड आणि खातं मात्र पोत्याने प्लास्टिक वापरणार, हे यमुनाला पटत नव्हतं. या आदेशाचं केवढं कौतुक झालं होतं! नव्या सुती पिशव्या तिने स्वतः तपासून दिल्या होत्या. पण पिशव्या दोन-तीन वर्षांत विरल्या, आणि मग बायकांनी घरात जी होती ती घेतली. आता हिरड्याच्या गावात ज्या पिशवीने हिरडा वाहिलेला नाही अशी पिशवी शोधून दाखवा! आईची तर तिला डोळ्यांसमोर दिसत होती : जाड मांजरपाटाची, काळपट पडलेली, कीड लागत नाही म्हणून आईची सगळ्यात लाडकी. चांगल्या वस्तूला चांगली पिशवी, म्हणून आईने लेकीच्या चाळण्या तिच्यातच ठेवल्या होत्या.

आदेशाखाली सही होती : यमुना तळपे.

*

यमुनाने रात्रीच सगळं वर कळवलं होतं; मोठ्या साहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. माणूस वाईट नव्हता, यमुनाबद्दल त्यांना आदर होता.

"यमुनाबाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. वाहतुकीत नमुने खराब झाले असं लिहा, नवे नमुने मागा. आंबेखोरं वाचेल. तुमचं नाव मुख्य वनसंरक्षक पदासाठी वर गेलंय. हिरडा, पिशवी, तुमची आई, हे सगळं कशाला सुनावणीत?"

"सर, हिरड्याच्या पट्ट्यात आणखी सात जंगलं रिक्त ठरली आहेत. सगळ्या दाखल्यांवर माझी सही आहे. त्यांच्या वाहतुकीत काय झालं म्हणू?"

"तिथली झाडं अजून उभी आहेत ना?"

"उभी आहेत. दोन ठिकाणी मोजणीच्या खुंट्या ठोकल्यात."

"मग ती नंतर बघू."

यमुनाने फोन ठेवला. खोटं कशाला सांगा, तिला मोह झाला. अर्धा दिवस ती त्या मोहात बसून होती. साहेबांच्या वाटेने गेलं तर आंबेखोरं हमखास हाती होतं. खरं सांगायला गेलं तर समोरचा वकील आईचं नाव काढणार, मायलेकींनी संगनमत केलं म्हणणार, आणि कदाचित आंबेखोरंच हातचं जाणार. पण नंतर म्हणजे कधी, हे तिला खात्यात तेवीस वर्षं काढल्यावर चांगलं ठाऊक होतं. दुपारी तिने जेवणाचा डबा न उघडता तसाच बाजूला सारला आणि सात पानांचं निवेदन लिहून काढलं. पहिलंच वाक्य होतं : 'चूक माझ्या आदेशामुळे झाली आहे.'

*

सुनावणीला पंचायत समितीचं सभागृह खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत बायजाबाई, मांडीवर ती काळपट पिशवी. लेकीशी त्या अजून बोलत नव्हत्या. पिशवी घेऊन या असं लेकीने सांगितलं, म्हणून तेवढी आणली होती.

यमुनाने निवेदन वाचलं. एक ओळ गाळली नाही. सभागृहात कुजबुज वाढत गेली, आणि कंपनीचे वकील शहाणे शांतपणे उठले.

"म्हणजे चाळण्या गोळा करणारी तुमची सख्खी आई?"

"हो."

"ज्या खोऱ्यावर तिची उपजीविका आहे, त्याच खोऱ्यातल्या?"

"हो."

"आणि निकाल आवडला नाही, तेव्हा आईच्या पिशवीचं निमित्त सापडलं. तळपेबाई, याला लोक काय म्हणतील?"

"लोकांचं नंतर बघू," यमुना म्हणाली. "मला एवढंच सांगा वकीलसाहेब, माझ्या आईला लबाडीच करायची असती, तर तिने शून्य कशाला आणलं असतं? दोन वाघ नसते आणले?"

सभागृहात हशा पिकला. सुनावणी अधिकारी टिळेकरबाई, निवृत्त न्यायाधीश, त्यांच्याही ओठांची कड हलली. पण हसण्यावर निकाल देणाऱ्या त्या नव्हत्या. त्यांनी हुकूम दिला : दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर खोऱ्यात नव्या पेट्या टांगायच्या, तीन दिवसांनी सगळ्यांसमोर काढायच्या. प्रत्येक चाळणीचे दोन तुकडे करायचे. एक काचेच्या कुपीत, दुसरा बायजाबाईंच्या पिशवीत. आणि यंत्र इथे, या सभागृहात चालवायचं.

"पिशवीतल्या तुकड्यावर काही दिसलं, तर तुमचं निवेदन खोटं," त्या यमुनाला म्हणाल्या. "आणि काचेत काही दिसलं नाही तर खोरं रिकामं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

यमुना खाली उतरली. आईच्या खुर्चीशेजारून जाताना आईने पदराखालून हात बाहेर काढला आणि तिचं मनगट गच्च धरलं. "भरल्या सभंत माजी आय हाय म्हनून सांगितलंस," बायजाबाई पुटपुटल्या. "मला वाटलं लपिवशील."

*

पाचव्या दिवशी हुंग्याला बैलगाडीतून नवरी आणावी तसं जपून, टेम्पोत गाद्या घालून सभागृहात आणलं. शबानांनी दोन्ही बाजूंच्या देखत चाळण्या आत सरकवल्या. प्रत्येक चाळणीत पेंग्विनही घातला, या वेळी एकीलाही सुट्टी नाही. चार तास माणसं बसून राहिली. कुणी जेवायला उठलं नाही. वकील शहाणे घड्याळ बघत होते, बायजाबाई बसल्या जागी डुलक्या घेत होत्या आणि यमुना कोऱ्या पडद्याकडे बघत होती. खरोखरच खोरं रिकामं असलं तर? ती स्वतः दहा वर्षांत कितीदा उतरली होती तिथे? कागदांवर सह्या करण्यातून वेळ कुठे मिळाला होता? आता सगळं त्या म्हातारीच्या शब्दावर टांगलेलं होतं, ज्या शब्दाला तिनेच पुरावा म्हणायला नकार दिला होता.

यंत्र वाजलं. आधी पिशवीतले तुकडे. पडदा कोरा. पेंग्विनसुद्धा नाही.

"साक्षीदार गायब," शबाना मोठ्याने म्हणाल्या. "हिरड्याने त्यालाही खाल्लं."

मग काचेतले तुकडे. पडद्यावर आधी पेंग्विन उमटला. त्याच्याखाली एक ओळ आली. मग दुसरी. मग ओळी अशा सरसर यायला लागल्या की शबानांना वाचता वाचता धाप लागली. "शेकरू. भेकर. सांबर. साळिंदर. उदमांजर. बिबट्या... बिबट्या दोन, नर-मादी! पिसोरी. मलबारी धनेश. खवल्या मांजर..."

"खवल्या?" टिळेकरबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "आमच्या लहानपणी होतं म्हणत होते."

"आता पण आहे, मॅडम. हे काय, इथे आहे!"

एकूण चव्वेचाळीस. शून्यापूर्वीच्या सगळ्यात चांगल्या वर्षापेक्षा तीन जास्त. सभागृहात जो गोंगाट उठला, तो आवरायला टिळेकरबाईंना टेबलावर तांब्या आपटावा लागला. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला : आंबेखोऱ्याच्या तिन्ही हंगामांच्या शून्य नोंदी रद्द, संरक्षण कायम, तलावाचा अर्ज फेटाळला. हिरडेवाडीच्या बायकांनी बायजाबाईंना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. "आगं सोडा, पाडाल मला," त्या ओरडत होत्या आणि सोडू मात्र देत नव्हत्या.

यमुना जागेवरच उभी होती. तिने सात दाखले काढले आणि टिळेकरबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"हे काय? आजची सुनावणी आंबेखोऱ्याची आहे."

"हो. पण ही सातही जंगलं अशाच पिशव्यांनी रिकामी केलीत, आणि सह्या माझ्या आहेत. मी त्या मागे घेतेय. माझं निवेदन नोंदवून घ्या आणि फेरतपासणीचा हुकूम द्या, एवढंच म्हणणं आहे."

"यात तुमचं काय होईल, याचा विचार केलात?"

"केला," यमुना म्हणाली. "मला जंगलात काम मिळालं तर बरंच आहे. कचेरीत फार वर्षं झाली."

टिळेकरबाईंनी कागद ओढून घेतले आणि लिहायला लागल्या.

*

बढती गेली, ती दुसऱ्याच कुणाला मिळाली. चौकशी बसली, ठपका बसला, आणि प्रशिक्षणातून तिचं ते वाक्य काढून टाकलं गेलं. शिक्षा म्हणून फेरतपासणी तिच्याच गळ्यात मारली. सातही जंगलं, स्वतः फिरून. मोठे साहेब फोनवर चुकचुकले. यमुनाने कपाटाच्या वर ठेवलेले जुने बूट खाली काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शिक्षेबद्दल मनापासून आभार मानले.

वाघदरी हे सातांतलं पहिलं. दरीत उतरायच्या वाटा नकाशात नव्हत्या; त्या बायजाबाईंना माहीत होत्या, कारण त्यांचं माहेर पलीकडच्या डोंगरावर होतं. मजुरीचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडीत पुढं बसनार, आन् चाळणी मी काढनार. त्या काचंच्या बाटलीतच घालीन, चिंता करू नगंस." तीन दिवसांनी चाळण्या केंद्राकडे गेल्या आणि मायलेकी दरीच्या काठावर भाकरी खात फोनची वाट बघत बसल्या. ऊन चढलं होतं. खाली मोजणीची एक खुंटी दिसत होती, तिच्यावर लाल फडकं फडफडत होतं.

फोन वाजला. यमुनाने आवाज मोठा केला.

"मॅडम," शबाना म्हणाल्या, आणि मागे कागद फडफडल्याचा आवाज आला.

"बोला की, शबानाताई! किती?"

"सत्तावन्न."

तेवीस वर्षं जिने जंगलात मोठ्याने बोलणाऱ्याला दंड केला, ती यमुना तळपे उठून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडली, "सत्तावन्न!" दरीतून पाखरांचा थवाच्या थवा उठला. कुठेतरी वानरं खेकसली, झाडोऱ्यातून काहीतरी जड धूम पळालं आणि काटक्या मोडत गेल्या.

"आगं ये बये, गप!" बायजाबाईंनी तिचा गणवेश धरून तिला खाली ओढलं. "भ्याली की समदी. आता बस खाली, आन् त्या शबानाला म्हनावं नावं वाच. येकेक वाच. मी सांगती कुनाचं बीळ कुटं हाय त्ये."

यमुनाने खिशातून दैनंदिनी काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि आई सांगेल तसं लिहून घ्यायला बसली.